पारंपरिक ज्ञान आणि कालामांची कसोटी

'शाश्वत विकास' या शब्दाच्या जोडीने अलीकडे 'पारंपरिक ज्ञान' हा शब्द सर्वत्र येतो. पहिला शब्द 1987 साली ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालाने रूढ केला. दुसऱ्याला 1992 साली रिओ येथे झालेल्या जैवविविधता कराराच्या आठव्या कलमाने मान्यता दिली. आपल्या देशात 2002 च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव लोक जैवविविधता नोंदवही ठेवण्याची तरतूद केली. अरण्यातील माणसाला काहीतरी कळते, असे शासनाने प्रथमच कागदावर मान्य केले. ही गोष्ट लहान नाही. परंतु एखादा शब्द सर्वांच्या तोंडी झाला म्हणजे त्याची परीक्षा करण्याचे कर्तव्य संपते असे नाही. उलट तेव्हाच ते सुरू होते. प्रस्तुत लेखात 'पारंपरिक ज्ञान' या संकल्पनेची परीक्षा धम्माच्या दृष्टीने करण्याचा आमचा प्रयत्न आहे, आणि त्यासाठी चंद्रपूर व गडचिरोली या दोन अरण्यजिल्ह्यांतील अनुभव आम्ही समोर ठेवीत आहोत.

हा प्रश्न आपल्या वाचकांना परका नाही. 14 ऑक्टोबर 1956 च्या नागपूर येथील धम्मदीक्षेनंतर दोनच दिवसांनी, 16 ऑक्टोबर रोजी, परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चांदा येथे धम्मदीक्षा दिली. त्या दीक्षेत परंपरेचा त्याग होता. ज्या समाजाने 'परंपरा' या नावाखाली पिढ्यान्‌पिढ्या अस्पृश्यता सोसली, त्याला आज कोणी 'परंपरेत ज्ञान आहे' असे सांगू लागला, तर त्याच्या मनात शंका उठणे स्वाभाविक आहे. ही शंका आम्ही योग्य मानतो. मात्र शंका म्हणजे निकाल नव्हे. शंकेतून परीक्षेकडे जावे, हीच तथागतांची शिकवण आहे.

कसोटी कोणती?

अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातातील केसमुत्ति सुत्त, म्हणजेच कालाम सुत्त, आपल्याकडे वारंवार सांगितले जाते. परंतु बहुधा अर्धेच सांगितले जाते. अनुस्सव, म्हणजे ऐकीव गोष्ट, आणि परंपरा यांवरून काही स्वीकारू नये, एवढे आपण सांगतो. त्या यादीत दहा गोष्टी आहेत. पिटकसंपदा, म्हणजे ग्रंथात असल्याचा आधार, तिच्यात आहे. तक्क, म्हणजे केवळ तर्क, आहे. बोलणाऱ्याची छाप पडते ही गोष्ट आहे, आणि शेवटी 'हा श्रमण आमचा गुरू आहे' ही गोष्टही आहे. म्हणजे ही कसोटी जितकी गावच्या पुजाऱ्याला लागते, तितकीच शहरातून आलेल्या तज्ज्ञाला, वनाधिकाऱ्याच्या कार्य आयोजनेला आणि विद्यापीठातील आमच्यासारख्या पदवीधरालाही लागते. परंपरा खोटी आणि प्रयोगशाळा खरी, असा सोपा निवाडा तथागतांनी दिलेला नाही. जी गोष्ट आचरली असता लोभ, द्वेष व मोह वाढतात, अहित व दुःख होते, आणि सुज्ञ जन जिची निंदा करतात, ती सोडावी. जी हितसुखासाठी आहे असे स्वतः जाणले, ती आचरावी. ज्ञान कोठून आले यापेक्षा ते काय करते आणि ते तपासले गेले आहे काय, याला येथे महत्त्व आहे.

दुसरी एक गोष्ट पालीच्या अभ्यासकाने विसरू नये. तिपिटक स्वतः कित्येक शतके मौखिक होते. दीघभाणक, मज्झिमभाणक अशा परंपरांनी ते कंठात जपले, आणि इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात सिंहलद्वीपात ते लिहिले गेले. लिहिलेले नाही म्हणून ते ज्ञान नव्हे, असे म्हणणाऱ्याला प्रथम आपलेच शास्त्र नाकारावे लागेल. तेव्हा गोंडी वा माडिया बोलीत जे मुखाने चालत आले, ते केवळ मौखिक म्हणून कमी प्रतीचे ठरविण्याचा अधिकार निदान आपणांस तरी नाही.

जगाचा व्यवहार मात्र तसा नाही. 1995 साली अमेरिकेत हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर पेटंट दिले गेले. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना, ते आव्हानित केले आणि 1997 साली ते रद्द झाले. कशाच्या बळावर? ग्रंथांतील व नियतकालिकांतील जुन्या लेखी नोंदींच्या बळावर. घरोघरच्या आजीबाईंची साक्ष तेथे पुरी पडली नसती. महावग्गाच्या भेसज्जक्खंधकात मुळांच्या औषधांत हलिद्दी व सिंगिवेर, म्हणजे हळद व आले, यांचा उल्लेख आहे. फळांच्या औषधांत हिरडा, बेहडा, आवळा आहेत. हळदीला ग्रंथ होता म्हणून ती वाचली. ज्या वनस्पतीचा गुण केवळ एखाद्या माडिया म्हातारीच्या स्मरणात आहे, तिला कोण वाचविणार? नोंदवहीचे महत्त्व येथे आहे. आणि तिचा धोकाही येथेच आहे. नोंदलेले ज्ञान नोंदविणाऱ्याच्या हाती जाते.

विनयातील लोकज्ञान

विनयपिटकात लोकांच्या जाणिवेला मिळालेले स्थान पाहण्यासारखे आहे. वर्षावासाचा नियम कसा झाला? भिक्षू पावसाळ्यातही चारिका करीत, हिरवे गवत तुडवीत, लहान जीवांचा घात करीत. लोकांनी त्यावर टीका केली आणि तथागतांनी वर्षावास घालून दिला. आळवी येथील भिक्षूंनी झाडे तोडली, तेव्हाही लोकांनी दोष दिला. त्या प्रसंगी तथागतांनी दिलेले कारण मार्मिक आहे: लोक वृक्षात जीव आहे असे मानतात. वृक्षाला जीव आहे असा सिद्धान्त तेथे मांडलेला नाही. परंतु लोकांच्या त्या जाणिवेचा आदर करून भूतगामाचा, म्हणजे वाढत्या वनस्पतींच्या रक्षणाचा, नियम झाला. लोकांची समजूत डोळे मिटून स्वीकारली नाही आणि तिची टवाळीही केली नाही. तिच्यातून निघणारे हितकर आचरण तेवढे घेतले. लोकज्ञानाकडे पाहण्याची याहून शहाणी रीत आम्हांस ठाऊक नाही.

जीवकाची कथा याच अंगाने वाचावी. तक्षशिलेच्या आचार्यांनी त्याला एक योजनाच्या परिसरात फिरून औषधी नाही अशी वनस्पती आणावयास सांगितले. तो रिकाम्या हाताने परतला आणि आचार्यांनी त्याचे शिक्षण पुरे झाले असे सांगितले. ती परीक्षा पाठांतराची नव्हती. भूमीवर फिरून पाहण्याची होती.

मेंढ्याचे उदाहरण

आता गडचिरोलीकडे वळू. गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्यावर सुमारे 30 किलोमीटरवर मेंढा हे शंभराच्या आसपास घरांचे गोंड गाव आहे. शेजारच्या लेखा गावाच्या नावासह ते मेंढा (लेखा) म्हणून ओळखले जाते. देवाजी तोफा हे तेथील, आणि त्यांच्याबरोबर 'वृक्षमित्र'चे मोहन हिराबाई हिरालाल यांनी दीर्घकाळ काम केले. आपल्या गावात आपणच सरकार, ही या गावाची घोषणा महाराष्ट्राला परिचित आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांत मेंढ्याची गणना होते.

तरीही हक्क कागदावरच राहिला, कारण बांबू. 1927 च्या भारतीय वन अधिनियमाने गवतवर्गातील बांबूला 'वृक्ष' ठरविले होते. दीर्घकाळ या दोन जिल्ह्यांतील बांबू कागद कारखान्याकडे जात होता आणि गावकऱ्याने घरासाठी तोडला तर तो गुन्हेगार ठरत होता. 2006 च्या कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटले. तरी वाहतुकीचा परवाना गावाला मिळेना. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश मेंढ्यास आले आणि वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. 1927 च्या अधिनियमातील 'वृक्षा'च्या व्याख्येतून बांबू 2017 साली वगळला गेला. बांबू हे गवत आहे हे अरण्यातील प्रत्येक मुलाला ठाऊक होते. कायद्याला ते कळावयास 90 वर्षे लागली. कोणाचे ज्ञान ज्ञान ठरते याचे याहून बोलके उदाहरण शोधण्याची गरज नाही.

परंतु मेंढ्याची जी थोरवी सांगितली जाते, तिच्यात आमच्या मते एक चूक होते. मेंढा म्हणजे आदिवासींच्या प्राचीन शहाणपणाचा अवशेष, असे चित्र रंगविले जाते. वस्तुस्थिती निराळी आहे. या गावाने अभ्यास मंडळ चालविले. कायदे समजावून घेतले, बाहेरच्या जाणत्यांना बोलाविले, प्रश्न विचारले. निर्णय मात्र ग्रामसभेत सर्वसहमतीने स्वतः घेतला. मधाचे उदाहरण घ्यावे. आग्या मोहोळाचा मध काढण्याची रानातील जुनी रीत म्हणजे आग व धूर करून माश्या हाकलणे, किंबहुना जाळणे, आणि संपूर्ण पोळे कापून पिळणे. यात माश्या मरतात, अंडी व अळ्या मधात पिळल्या जातात, आणि मोहोळ संपते. परंपरा म्हणावयाची तर हीच परंपरा होती. अहिंसक मधसंकलनाची नवी रीत, म्हणजे अंगभर संरक्षक कपडे घालून पोळ्याचा केवळ मधाचा भाग काढणे व अंड्या-अळ्यांचा भाग राखणे, ही अभ्यासातून व प्रशिक्षणातून आली. मोहोळ कोठे लागते, कोणत्या फुलोऱ्यात मध भरतो, हे जुने ज्ञान राहिले. हिंसक रीत गेली. फुलाचा रंग व गंध न दुखविता रस नेणाऱ्या भ्रमराची धम्मपदातील उपमा आपण मुनीच्या भिक्षाटनासाठी सांगतो. त्याच उपमेचा विषय असलेल्या जीवाशी माणसाने कसे वागावे, याचे उत्तर येथे कृतीत मिळाले.

चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावने असाच विवेक दाखविला. 2012 साली सामूहिक हक्क मिळाल्यावर या ग्रामसभेने बांबूवर आपली उपजीविका उभी केली आणि तेंदूपत्ता तोडणे बंद केले. चांगली पालवी यावी म्हणून तेंदूची झुडपे छाटली जातात, जंगलात आगी लावल्या जातात. त्याने रानाची हानी होते, हे गावकऱ्यांनी स्वतः पाहिले होते. तेंदूपत्ता हा या भागातील रोख उत्पन्नाचा मोठा आधार. तो लाभ सोडण्याचा निर्णय दारिद्र्यात राहणाऱ्या माणसांनी घेतला, हे लक्षात घ्यावे. लोभ वाढविणारे कर्म ओळखून सोडणे, हीच कालामांना दिलेली शिकवण होय.

या दोन्ही गावांत टिकून राहिली ती एक रीत: पाहणे, एकत्र बसणे, बोलणे, आणि पटले तर बदलणे. जुन्या गोष्टींचा साठा जपून ठेवणे, एवढेच ते काम नव्हते. म्हणूनच 'पारंपरिक ज्ञाना'ऐवजी 'परीक्षित लोकज्ञान' हा शब्द आम्हांस अधिक योग्य वाटतो.

वज्जींचा जुना धम्म

येथे एक आक्षेप संभवतो. महापरिनिब्बान सुत्तात वज्जींच्या सात अपरिहानीय धम्मांत, न ठरविलेले नवे ठरवू नये, ठरलेले मोडू नये आणि वज्जींच्या जुन्या धम्मानुसार वागावे, असाही एक आहे. मग तथागतांनी परंपरेचा पुरस्कार केला नाही काय? याचे उत्तर अट्ठकथेत आहे. बुद्धघोषांनी 'जुन्या वज्जिधम्मा'चे विवरण न्यायदानाच्या पद्धतीने केले आहे. चोर म्हणून आणलेल्या माणसाला लगेच शिक्षा न करता एकामागून एक अधिकाऱ्यांकडे नेत. प्रत्येक जण चौकशी करी आणि तो निर्दोष आढळल्यास सोडून देई. राजाही परंपरेने आलेल्या निर्णयग्रंथाशी ताडून पाहूनच दंड ठरवी. म्हणजे जपावयाची जुनी गोष्ट कोणती, तर चौकशीवाचून कोणाला शिक्षा न करण्याची. आणि पहिले दोन अपरिहानीय धम्म तर वारंवार एकत्र जमावे, एकोप्याने जमावे, एकोप्याने उठावे, हेच आहेत.

या कसोटीवर आपल्या जिल्ह्यांतील दुसरे चित्रही तपासले पाहिजे. ऑगस्ट 2021 मध्ये चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यातील वणी (खुर्द) येथे जादूटोण्याच्या संशयावरून दलित कुटुंबांतील वृद्धांना व स्त्रियांना भर चौकात खांबांना बांधून मारण्यात आले. करणी कोण करतो हे 'जाणण्याचा' दावाही परंपरेच्याच नावाने केला जातो. तेथे अनुस्सव होता, चौकशी नव्हती. समूह होता, संघ नव्हता. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. तो असूनही हे घडले. गडचिरोलीतील कुर्माघराची प्रथा पाहा: मासिक पाळीच्या दिवसांत स्त्रियांनी गावाबाहेरच्या झोपडीत राहावे. साप, पाऊस, थंडी, आजार यांत त्या तेथे एकट्या असतात. हीही परंपराच. जो लेखक मोहाच्या फुलांचे गुण सांगताना परंपरेचा गौरव करतो आणि कुर्माघरापाशी येताच 'ही त्यांची संस्कृती' म्हणून मौन धरतो, तो आदिवासींचा आदर करीत नाही. त्यांना विचार करता येतो हेच तो नाकारतो.

आपला संबंध

बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत ग्रामव्यवस्थेवर कठोर टीका केली आणि घटनेने गावाऐवजी व्यक्तीला एकक मानले याबद्दल समाधान व्यक्त केले. त्याच सभेत 25 नोव्हेंबर 1949 रोजी त्यांनी भिक्षुसंघाच्या कार्यपद्धतीत संसदीय पद्धतीचे नियम होते, याचे स्मरण करून दिले. ही दोन भाषणे परस्परविरोधी नाहीत. एकाच जागी राहणारे लोक म्हणजे संघ नव्हे. संघात ठराव मांडण्याची ञत्ति आहे, मतभेदात शलाकेने मत घेण्याची रीत आहे, आणि प्रवेशापूर्वीची जात तेथे गळून पडते. मेंढा हे जवळजवळ एकजिनसी गोंड गाव आहे. तेथील सर्वसहमतीला जातिभेदाचा अडसर नाही. जेथे बौद्धवस्ती गावकुसाबाहेर आहे, तेथे सर्वसहमती म्हणजे दुर्बलाचे मौन ठरण्याचा धोका आहे. मेंढ्याचा गौरव करणाऱ्यांनी हा फरक सांगितला पाहिजे. वनहक्क कायद्याने ग्रामसभा म्हणजे गावातील सर्व प्रौढांची सभा, असे म्हटले असून स्त्रियांच्या पूर्ण व अनिर्बंध सहभागाचा उल्लेख केला आहे. ती व्याख्या हेच आपले साधन होय.

याच कायद्यात आपल्या बांधवांसाठी एक कठीण पायरी आहे. जे अनुसूचित जमातीचे नाहीत ते 'इतर पारंपरिक वननिवासी' या वर्गात येतात, आणि 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षे, आपण येथे वनावर अवलंबून राहत होतो हे त्यांना दाखवावे लागते. ज्यांना जमीन धारण करू दिली नाही, त्यांच्याकडे 1930 चा कागद कोठून येणार? पण कायद्याच्या 2008 च्या नियमांत दावेदाराव्यतिरिक्त वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदविलेले निवेदन हाही पुरावा मानला आहे. म्हणजे मौखिक स्मृतीला तेथे प्रवेश आहे. मोह वेचणारी, तेंदू तोडणारी, रानातून सरपण व रानभाजी आणणारी आपली आजी हीही ज्ञानाची धारक आहे. 'पारंपरिक ज्ञान' केवळ एका समूहाचे म्हणून सांगितले की तिचे नाव नोंदवहीतून गळते, आणि पुढे दाव्यातूनही गळते. आदिवासी बांधवांच्या हक्काशी आपला विरोध नाही. त्यांचा लढा न्याय्य आहे आणि आपण त्यांच्या बाजूने उभे राहिले पाहिजे. सामूहिक हक्क हा संपूर्ण ग्रामसभेचा असतो, हे दोघांनीही ध्यानात ठेवावे.

म्हणून आमची विहारांना एक नम्र सूचना आहे. वर्षावासाचे तीन महिने ग्रंथवाचनास देण्याची प्रथा चांगली आहे. तिच्यातील काही दिवस या कामास द्यावेत. गावातील वृद्ध स्त्री-पुरुषांना विहारात बसवून त्यांचे वनाविषयीचे स्मरण लिहून घ्यावे. कोणत्या ऋतूत काय मिळते, कोठे मिळते, पूर्वी किती मिळे, याची नोंद करावी. ते लिहून झाल्यावर सर्वांसमोर वाचावे, जे खोटे ठरेल ते खोटे म्हणावे, जे हितकर ठरेल ते राखावे. प्रत ग्रामसभेत द्यावी आणि एक प्रत विहारात ठेवावी. ज्यांच्या स्मरणात 1930 च्या आधीचे ऐकलेले काही आहे, अशी माणसे आता फार थोडी उरली आहेत. भाणकांनी कंठात जपलेले धम्मवचन वेळीच लिहिले गेले म्हणून आज ते आपल्या हाती आहे. ते लिहिण्याची निकड ज्यांनी ओळखली, त्यांचे आपण ऋणी आहोत. आपल्या वस्तीतील वृद्ध माणसांच्या बाबतीत ती वेळ आज आहे.